दुरुस्तीवाल्याचें वाद्य



आपल्या शहरांतील पुष्कळ घरांत आज एखादी स्वस्त, विजेवर वाजणारी गिटार कोपऱ्यांत भिंतीला टेकून उभी असलेली दिसते. मुलानें किंवा मुलीनें हौसेनें मागितली, वडीलधाऱ्यांनीं किंमत पाहून घेऊन दिली, वर्षभर ती वाजली, आणि मग एके दिवशीं तिच्यांतून सुरांऐवजीं खरखर ऐकूं येऊं लागली. दुकानांत नेली तर दुकानदार तिच्याकडे एकवार पाहतो आणि सांगतो कीं, हिच्या दुरुस्तीचा खर्च हिच्या किंमतीहून अधिक होईल; त्यापेक्षां नवी घ्या. बाजाराच्या हिशेबानें तो खोटें बोलत नाहीं. तथापि त्या हिशेबांत एक चूक आहे. ती कोठें आहे हें कळावयास या वाद्याचा जन्म कोणाच्या हातून झाला आणि तें स्वस्त कसें झालें, हें पाहावें लागतें. तेवढाच इतिहास आज आपणांपुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

गिटारीचा मूळचा आवाज गोड, पण लहान. चार माणसांच्या बैठकींत तो पुरे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत नृत्याचे मोठमोठे वाद्यमेळ निघाले, तेव्हां पितळी कर्णे, सॅक्सोफोन आणि नगारे यांच्या गर्दींत गिटार ऐकूंच येईना. त्याच सुमारास प्रशांत महासागरांतील हवाई बेटांतून एक नवी वादनपद्धति अमेरिकेंत आली. गिटार मांडीवर आडवी ठेवावयाची आणि तारांवर बोटें दाबण्याऐवजीं पोलादाचा तुकडा फिरवावयाचा, अशी ती पद्धति. आपल्याकडे विचित्रवीणेवर गोटा फिरवितात, तसाच हा प्रकार होय. होनोलुलु येथील शाळेंत शिकणाऱ्या जोसेफ केकुकु नांवाच्या मुलानें १८८९ च्या सुमारास ही रीत बसविली असें सांगतात. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनांत हवाई वादकांचें वादन झालें आणि सर्व अमेरिकेला या वाद्याचें वेड लागलें. वेड लागलें, पण आवाज लहानच राहिला.

हा आवाज वाढविण्याच्या खटपटींत लॉस एंजेलिस येथील जॉर्ज बीचम नांवाचा एक हवाई गिटारवादक होता. मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं असें दाखवून दिलें होतें कीं, तारेच्या वेटोळ्यापाशीं चुंबकाचा प्रभाव कमीजास्त झाला, तर त्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. या शोधाला बरोबर शंभर वर्षें झालीं त्या १९३१ सालीं बीचम यानें तोच नियम गिटारीला लावला. तारांच्या भोंवतीं त्यानें नालाच्या आकाराचे दोन चुंबक बसविले आणि खालीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें ठेविलें. तें वेटोळें गुंडाळण्यास त्यानें कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर वापरली, असें सांगतात. हॅरी वॉटसन या कारागिरानें त्यासाठीं मेपलच्या लांकडाचें धड आणि मान कोरून दिली. लहानसें वाटोळें धड आणि लांब मान, यामुळें त्या वाद्याला लोक ‘तळणीचा तवा’ म्हणूं लागले. पुढील वर्षीं, म्हणजे १९३२ सालीं, ॲडॉल्फ रिकनबॅकर याच्या भागीदारींत हा तवा ॲल्युमिनियमचा ओतून विक्रीस आला. बीचम यानें १९३४ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला. तें मिळावयास १९३७ साल उजाडलें. हें वाद्य खरोखर वाजतें अशी तेथील परीक्षकांची खात्री पटावी म्हणून वादकांना वॉशिंग्टनला पाठवावें लागलें, असेंही सांगतात.

यांतील मर्म नीट ध्यानांत घेतलें पाहिजे, कारण पुढील सर्व दुरुस्ती त्यावरच उभी आहे. तंबोऱ्याचा सूर भोपळ्यांत घुमतो. भोपळा तडकला कीं सूर गेला. विजेच्या गिटारींत घुमणारें असें कांहीं नसतें. पोलादाची तार चुंबकापाशीं कंप पावते, त्या कंपाप्रमाणें वेटोळ्यांत विजेची अतिशय क्षीण लहर उठते, ती दोन तारांवाटे ॲम्प्लिफायरकडे जाते, आणि तेथें तिचा मोठा आवाज होतो. म्हणून तंबोऱ्याची पितळी तार या वाद्यावर चढविली तर ती जवळजवळ मुकीच राहील. पितळेला चुंबक ओढीत नाहीं. ज्याला हल्लीं सर्वजण ‘पिकप’ म्हणतात, तो म्हणजे हाच चुंबक आणि हेंच वेटोळें. धडाचें काम उरलें तें तारा ताणून धरण्याचें. सुरावर त्याचा परिणाम मुळींच होत नाहीं असें नव्हे. पण भोपळ्याची जबाबदारी त्याच्यावर नाहीं.

आतां या कथेंतील मुख्य पुरुषाकडे वळूं. त्याचें नांव लिओ फेंडर. जन्म १९०९ सालचा, कॅलिफोर्नियांतला. शिक्षण हिशेबनिसाचें. मंदीच्या दिवसांत नोकरी गेली, तेव्हां १९३८ सालीं त्यानें फुलर्टन या लहानशा गांवीं रेडिओ-दुरुस्तीचें दुकान घातलें. विजेच्या यंत्रांचें ज्ञान त्यानें स्वतःच्या हौसेनें मिळविलें होतें. दुकानांत रेडिओ येत, ग्रामोफोन येत, आणि गांवोगांवचे वादक आपले बिघडलेले ॲम्प्लिफायर व हवाई गिटारीही घेऊन येत. आश्चर्याची गोष्ट अशी कीं, फेंडर यास गिटार वाजवितां येत नसे, आणि ती तो जन्मभर शिकला नाहीं. पण वादकाला जें ठाऊक नसतें तें त्याला पक्कें ठाऊक झालें होतें. वाद्य कोठें मोडतें, कोणती तार कोणत्या जागीं तुटते, आणि तेथवर हात पोंचावयास कारागिराला किती त्रास पडतो, हें सर्व तो रोज पाहत होता.

१९५० सालीं त्यानें भरीव धडाची, सरळ हातांत धरून वाजविण्याची गिटार बाजारांत आणली. व्हायोलिनकारांच्या परंपरेंत मान धडाला सरसानें चिकटविलेली असते. ती बिघडली तर कुशल कारागिराचे कित्येक दिवस मोडतात. फेंडरनें मान धडाच्या खांचेंत बसविली आणि पाठीमागून चार स्क्रूंनीं आवळली. मान वांकली किंवा पडदे झिजले, तर चार स्क्रू काढावे आणि दुसरी मान लावावी, असा त्याचा सरळ विचार होता. स्क्रूनें मान जोडण्याची युक्ति रिकनबॅकरच्या गिटारींत पूर्वींही झालेली होती. पण सर्व वाद्यच या दृष्टीनें रचण्याचें श्रेय फेंडरचें. आवाज आणि सुराचा भरणा कमीजास्त करण्याच्या कळा त्यानें एकाच धातूच्या पट्टीवर बसविल्या. दोन स्क्रू काढले कीं ती पट्टी आंतल्या तारांसकट हातांत येते. रेडिओच्या पेटीची पाठ उघडावी, त्यासारखेंच हें झालें. पाहणाऱ्यांनीं त्या वाद्याची होडीचें वल्हें म्हणून थट्टा केली असें सांगतात. परंतु तें वल्हें गांवोगांव हिंडणाऱ्या वादकांच्या उपयोगीं पडलें, कारण दूरच्या गांवीं बिघडलें तरी तें तेथल्या तेथें नीट करतां येई.

या वाद्याला त्यानें नांव दिलें ‘ब्रॉडकास्टर’. रेडिओवाल्याला दुसरें कोणतें नांव सुचणार? पण ग्रेच नांवाच्या दुसऱ्या कंपनीचे नगारे जवळजवळ त्याच नांवानें विकले जात होते. तिनें हरकत घेतली, आणि १९५१ सालीं तें नांव सोडावें लागलें. छापलेल्या चिठ्ठ्या फुकट जाऊं नयेत म्हणून त्यांवरील नांव कापून कांहीं महिने तीं वाद्यें तशींच विकण्यांत आलीं. मग टेलिव्हिजनचा नवा जमाना पाहून ‘टेलिकास्टर’ हें नांव ठरलें. आणखी एक योग असा कीं, १९६५ सालीं फेंडरनें आपला सर्व धंदा १ कोटी ३० लाख डॉलरांस विकला, तो सी. बी. एस. या ध्वनिक्षेपण करणाऱ्या कंपनीलाच.

दुरुस्ती करतां करतां माणूस निर्माता होतो, ही गोष्ट आपल्याकडे अपरिचित नाहीं. मिरजेचे नांवाजलेले तंतुवाद्यकार मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. शस्त्रांचे दिवस सरले, तेव्हां एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनीं वाद्यांची दुरुस्ती हातीं घेतली, आणि त्यांतूनच ते तंबोरे व सतारी घडवूं लागले, अशी तेथील परंपरा सांगते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचा पाया असा एका दुरुस्तीच्या ओट्यावर घातला गेला होता. फुलर्टन आणि मिरज यांत अंतर पुष्कळ. पण मोडलेली वस्तु हातांत घेऊन ‘ही अशी कां मोडली?’ असें विचारणारी दृष्टि दोन्हीकडे एकच.

फेंडरची गिटार बांधणीनें साधी असली, तरी किंमतीनें स्वस्त नव्हती. स्वस्ताई आणली ती दुसऱ्यांनीं. अमेरिकेंत सीअर्स नांवाची एक प्रचंड पेढी होती. ती घरोघर जाडजूड सूचीपत्रें पाठवी आणि टपालानें माल विकी. शिकागोची हार्मनी ही वाद्यांची कंपनी तिनें १९१६ सालींच विकत घेतली होती. या पेढीला विजेच्या गिटारी पुरविणाऱ्यांत नेथन डॅनियल हा मोठा कल्पक गृहस्थ होता. ‘डॅनइलेक्ट्रो’ ही त्याची कंपनी १९४७ पासून ॲम्प्लिफायर बनवीत असे. १९५४ मध्यें तिनें गिटारी बनविण्यास आरंभ केला. भरीव लांकूड महाग, म्हणून डॅनियलनें साध्या लांकडाची चौकट करून तिच्या दोन्ही अंगांस लांकडाच्या भुशाचा दाबून केलेला पुठ्ठेवजा फळा बसविला. पिकपला धातूचें आवरण हवें होतें. तेव्हां ओंठांना लावण्याच्या रंगाच्या नळ्या त्याला आयत्या मिळाल्या. त्यानें त्यांतच चुंबक आणि वेटोळें घातलें. १९६२ सालीं तर त्यानें गिटारीच्या पेटींतच ॲम्प्लिफायर आणि कर्णा बसवून दिला. हा सारा संच सीअर्सच्या सूचीपत्रांत ७० डॉलरांच्या आंत मिळे.

भुशाच्या फळ्याची आणि नळीच्या पिकपची ही गिटार कोणालाही खेळणें वाटावें. तथापि लेड झेपेलिन या विख्यात वाद्यवृंदाचा जिमी पेज हा डॅनइलेक्ट्रो गिटार भर सभेंत वाजवीत असे. स्वस्त पदार्थ आणि हलका सूर या दोन गोष्टी निराळ्या आहेत, याचा याहून चांगला पुरावा कोणता द्यावा?

९ फेब्रुवारी १९६४ या दिवशीं इंग्लंडचे बीटल्स अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर झळकले. सुमारें ७ कोटी ३० लाख लोकांनीं तो कार्यक्रम पाहिला, आणि घरोघरच्या मुलांना गिटार हवी झाली. ही भूक अमेरिकन कारखान्यांना भागवेना. जपानांत १९४६ पासून चाललेल्या ‘टिस्को’ कंपनीनें आणि तिच्यासारख्या इतरांनीं स्वस्त गिटारींचीं जहाजें भरून पाठविलीं. पण लाट जशी आली तशी ओसरली. टिस्को १९६७ सालीं कावाई कंपनीकडे गेली. के आणि व्हॅल्को या अमेरिकन कंपन्या १९६८ सालीं बुडाल्या. डॅनइलेक्ट्रोचा कारखाना १९६९ मध्यें बंद पडला, आणि हार्मनी १९७५ मध्यें. कारखाने गेले, पण त्यांच्या लाखों गिटारी लोकांच्या घरांत राहिल्या. सुटे भाग मिळेनात, आणि चांगले कारागीर असल्या वाद्यांना हात लावण्यास राजी नसत. तेव्हां ज्यांची गिटार त्यांनींच स्वयंपाकघरांतील मेजावर ती उघडली. घरगुती दुरुस्तीची परंपरा हौसेइतकीच गरजेंतूनही वाढली, ती अशी. पुढें १९८२ पासून फेंडर कंपनीनेंही ‘स्क्वायर’ या नांवानें जपानांत गिटारी करविल्या. मग हें काम कोरिया, चीन, इंडोनेशिया अशा देशांकडे सरकत गेलें. आज आपल्या घरांतील कोपऱ्यांत उभी असलेली गिटार बहुधा याच वंशांतली.

आतां दुकानदाराच्या हिशेबाकडे परत येऊं. स्वस्त गिटार स्वस्त कां असते? लांकूड हलकें, धातु हलकी, हें थोडेंफार खरें आहे. पण आज महाग गिटारीचें आणि स्वस्त गिटारीचें लांकूड सारख्याच यंत्रानें, सारख्याच मापानें कापलें जातें. खरा फरक पुढें पडतो. महाग वाद्य हातावेगळें करण्यापूर्वीं कारागीर त्याचे पडदे एका पातळींत घासतो, त्यांचीं टोंकें गोल करतो, तारांच्या खांचा हव्या तितक्याच खोल करतो, घोडी पुढेंमागें सरकवून सूर जुळवितो. यांत कित्येक तास जातात. स्वस्त गिटारींत काटकसर होते ती मुख्यतः या तासांची. म्हणून तिच्यांत जें उणें असतें तें बहुतेक वेळां माणसाचा वेळ होय. आणि दुकानदार त्या वेळाची मजुरी लावून हिशेब करतो, म्हणून दुरुस्ती परवडत नाहीं असें ठरतें. घरचें माणूस तो वेळ देऊं लागलें, म्हणजे ती मजुरी हिशेबांतून गळते आणि पदरीं एक विद्या पडते. दुकानदाराच्या हिशेबांतली चूक ती हीच.

हा वेळ कसा द्यावा, तें थोडक्यांत सांगतों. प्रथम खरखरीचा विचार करूं. जेथें बाहेरची दोर गिटारींत खोंचतात, तो जॅक नेहमीं ओढला जातो. त्याचा आटा ढिला पडतो, सारा जॅक आंतल्या आंत फिरतो, आणि त्याला जोडलेली तार तुटते. निम्म्या मृत समजलेल्या गिटारींचें दुखणें एवढेंच निघालें तर आश्चर्य वाटूं नये. तुटलेली तार झाळून घ्यावी. झाळतांना तापलेली कांब आधीं सांध्याला टेकवावी; सांधा तापला म्हणजे कथिल-शिशाची तार त्याला लावावी, ती आपोआप वितळून पसरते. कथील नुसतें वरून थेंबासारखें टाकलें तर तो जोड दिसण्यापुरताच राहतो. कथिल-शिशाचा चांगला जोड गुळगुळीत आणि चकचकीत दिसतो. कच्चा जोड मळकट आणि रवाळ दिसतो. कळ फिरवितांना खरखर होत असेल, तर दोष बहुधा कळेच्या आंतील कोळशाच्या पट्टीवर बसलेल्या धुळीचा असतो. विजेच्या कळा साफ करण्याचें द्रव्य दोन थेंब आंत सोडून कळ वीस-तीस वेळां या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरवावी.

आवाज मुळींच येत नसेल, तर विजेचा रोध मोजण्याचें लहानसें यंत्र पिकपच्या दोन तारांना लावून पाहावें. एकेरी वेटोळ्याच्या पिकपचा रोध सामान्यतः ५ ते ८ हजार ओहम भरतो. कांटा किंवा आंकडा तितका दाखवील तर पिकप शाबूत आहे, आणि दोष इतरत्र शोधावा. रोध अपार दाखविला तर वेटोळें तुटलें. त्यांत माणसाच्या केसाइतक्या बारीक तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. तार बाहेरच्या टोंकाशीं तुटली असेल तर जोडतां येते; आंत तुटली असेल तर नवा पिकप घालणें शहाणपणाचें.

पडद्यांचीं टोंकें हाताला टोंचत असतील, तर बोल हवेला लावावा. ओल्या दिवसांत लांकूड फुगतें, कोरड्या दिवसांत आकसतें; धातूचा पडदा मात्र आहे तेवढाच राहतो, आणि आकसलेल्या लांकडाच्या कडेबाहेर त्याचें टोंक डोकावतें. कोंकणच्या पावसाळ्यांत घेतलेलें वाद्य नागपूरच्या उन्हाळ्यांत बोचूं लागलें तर तो हवेचा गुण समजावा. बारीक कानस तिरपी धरून टोंकें हलक्या हातानें घासावीं.

यानंतर सुराचा प्रश्न. यांत क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम मान, मग तारांची उंची, आणि शेवटीं घोडी. मानेच्या आंत बहुधा पोलादी सळई असते. गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यानें १९२१ सालीं पेटंटासाठीं अर्ज केलेली ही युक्ति. तार पहिल्या आणि शेवटल्या पडद्यावर एकदम दाबून मध्यें पाहिलें, तर सातव्या-आठव्या पडद्यावर भेटीच्या कार्डाच्या जाडीएवढी फट असावी. ती फार असेल तर सळईचा आटा आवळावा, मुळींच नसेल तर ढिला करावा. पण एका वेळीं पाव वळशाहून अधिक नाहीं. मानेच्या टोंकाशीं खांचांची जी लहान पट्टी असते, तिच्या खांचा उथळ राहिल्या तर पहिल्या पडद्यांवर तार फार दाबावी लागते आणि सूर चढा निघतो. त्या खांचा खोल कराव्या, परंतु रेसाभर घासावें आणि पाहावें. अधिक घासलेलें परत भरतां येत नाहीं.

शेवटीं घोडी. फेंडरच्या मापानें मोकळ्या तारेची लांबी २५.५ इंच, म्हणजे सुमारें ६४८ मिलिमीटर. बारावा पडदा तिच्या बरोबर मध्यावर, आणि तेथें वरच्या सप्तकांतील तोच सूर मिळावयास हवा. पण तार दाबतांना ती किंचित् ताणली जाते, म्हणून सूर थोडा चढतो. ही चूक भरून काढण्यासाठीं घोडीवरील त्या तारेचा टेकू थोडा मागें घ्यावा लागतो. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर आणि तेथेंच दाबून काढलेला सूर ताडून पाहावेत. दाबलेला चढा लागला तर टेकू मागें, उतरा लागला तर पुढें. ज्याचा कान आपल्या संगीतांत तयार झाला आहे, त्याला यासाठीं यंत्राची गरज पडणार नाहीं.

एक इशारा मात्र दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. हें सारें गिटारीबद्दल झालें, ॲम्प्लिफायरबद्दल नव्हे. साध्या गिटारींत भिंतीवरची वीज शिरत नाहीं, म्हणून ती उघडण्यांत धोका नाहीं. दोर मात्र आधीं काढून ठेवावी. ॲम्प्लिफायरची गोष्ट वेगळी. विशेषतः जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्यें वीज सांठवून ठेवणारे भाग असतात, आणि दोर भिंतींतून काढल्यावरही ते जीवघेणा धक्का देऊं शकतात. स्वस्ताईसाठीं जुन्या कांहीं ॲम्प्लिफायरांत भिंतीची वीज अलग करणारा ट्रान्सफॉर्मरच वगळलेला असे. त्याला जोडलेल्या गिटारीच्या तारेला हात लावणें म्हणजे भिंतीच्या विजेला हात लावणें होय. तेथें हौस आवरावी आणि जाणत्याकडे जावें. मान पिळवटली असेल किंवा डोकें मुळाशीं तडकलें असेल, तरीही घरचा प्रयोग करूं नये. दुरुस्तीची विद्या म्हणजे आपल्या हाताची मर्यादा ओळखण्याचीही विद्या आहे.

उघडलेली वस्तु माणसाला कोठवर नेते, याचें एक उदाहरण देऊन हें भाषण पुरें करतों. १९६३ सालीं लंडनजवळ राहणाऱ्या ब्रायन मे नांवाच्या शाळकरी मुलाला विजेची गिटार हवी होती. चांगली विकत घेण्याइतके पैसे घरीं नव्हते. त्याचे वडील हॅरल्ड मे यांना विद्युत्-यंत्रांचें ज्ञान होतें. बापलेकांनीं मिळून गिटार करावयास घेतली. मानेसाठीं जुन्या शेगडीभोंवतालच्या चौकटीचें लांकूड घेतलें. मानेवरच्या खुणा शिंपल्याच्या गुंड्यांच्या झाल्या. सूर हलविण्याच्या दांडीसाठीं जुन्या मोटरसायकलीच्या स्प्रिंगा कामास आल्या, आणि तिच्या टोंकाशीं विणकामाच्या सुईचें टोंक बसलें. दोन वर्षांनीं ती गिटार पुरी झाली. पुढें क्वीन या वाद्यवृंदांत ब्रायन मे यांनीं मुख्यतः तीच वाजविली. २००२ सालीं राणीच्या राज्यारोहणास ५० वर्षें झालीं, तेव्हां बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर ती वाजली. तो मुलगा २००७ सालीं खगोलभौतिकशास्त्राचा डॉक्टरही झाला.

आपल्या घरांतील मूल असा वादक होईल किंवा शास्त्रज्ञ होईल, असें आश्वासन मी देत नाहीं. मला चिंता वाटते ती वेगळी. पूर्वीं रेडिओची पाठ चार स्क्रूंनीं उघडे, आणि आंत काय आहे हें मुलाला पाहावयास मिळे. आज घरांतील बहुतेक यंत्रें चिकटवून बंद केलेलीं असतात. तीं बिघडलीं कीं टाकून द्यावयाचीं, एवढाच धडा मुलें त्यांपासून घेतात. अशा घरांत, मागें चार स्क्रू असलेली ती कोपऱ्यांतील गिटार ही उघडतां येण्याजोगी कदाचित् शेवटची वस्तु असेल. एका रेडिओ-दुरुस्तीवाल्यानें ते स्क्रू मुद्दाम तेथें ठेविले होते. येत्या रविवारीं दुपारीं जुनें वर्तमानपत्र पसरून, मुलाला शेजारीं बसवून, ते एकदां काढून पाहावे. आणि काढलेले स्क्रू मात्र वाटींत ठेवावे, म्हणजे संध्याकाळीं शोधावे लागणार नाहींत.